दक्षिणा, शिष्यवृत्ती आणि अनुदान

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

'संशोधन' हा शब्द उच्चारला की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर प्रयोगशाळा उभी राहते. पांढरा कोट, काचेच्या नळ्या, मोठमोठी यंत्रे. आपण पडलो कला शाखेचे विद्यार्थी. आपल्या वाट्याला पुस्तके, परीक्षा आणि जमल्यास बी. एड., असा एक समज सर्वत्र आहे. समाजशास्त्र, इतिहास, भाषा, अर्थशास्त्र या विषयांतही संशोधन होते, त्याला पैसा लागतो, तो देणाऱ्या संस्था आपल्या देशात आहेत आणि तो मागण्याची एक ठरलेली रीत आहे, हे सारे मला महाविद्यालयात आल्यावर समजले. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. ज्यांच्या घरी प्राध्यापक किंवा वकील आहेत, त्यांच्या कानांवर या गोष्टी जेवताखाता पडतात. बाकीच्यांसाठी त्या कुणीतरी लिहून ठेवायला हव्यात, म्हणून हा लेखनप्रपंच.

येरवड्याजवळची जुनी गोष्ट

मी येरवड्यात राहते. येरवडा म्हटले की लोकांना तुरुंग आठवतो, नाहीतर मनोरुग्णालय. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना फार तर १९३२ सालचा पुणे करार आठवतो. परंतु याच येरवड्यात डेक्कन कॉलेजची दगडी इमारत आहे, आणि विद्येसाठी ठेवलेला पैसा कुणाला द्यावा या वादाचा पुण्यातला फार जुना धागा त्या संस्थेपर्यंत येऊन पोचतो.

पेशवाईत श्रावण महिन्यात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. ही प्रथा मुळात तळेगावच्या दाभाड्यांची. पुढे ती पेशव्यांकडे आली. १८१८ साली पेशवाई गेली. इंग्रजांनी ही दक्षिणा एकदम बंद केली नाही, पण तिच्या पैशांतला काही भाग वेगळा काढून १८२१ साली पुण्यात विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू केली. हीच पाठशाळा पुढे पूना कॉलेज झाली, मग डेक्कन कॉलेज झाली आणि सर जमशेटजी जीजीभाई यांच्या मोठ्या देणगीच्या साहाय्याने बांधलेल्या येरवड्याच्या इमारतीत १८६८ साली राहायला आली. १९३४ साली सरकारने हे कॉलेज बंद केले. माजी विद्यार्थ्यांनी त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागितली, आणि १९३९ साली ते पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले. इरावतीबाई कर्वे, ह. धी. सांकलिया यांच्यासारखी माणसे मग तेथे आली. म्हणजे श्रावणातल्या दक्षिणेचा एक ओघळ शेवटी संशोधनसंस्थेपर्यंत वाहत आला.

दक्षिणेचा उरलेला पैसा कसा खर्च व्हावा यावरूनही पुण्यात मोठे रण माजले होते. १८४९ साली लोकहितवादी आणि त्यांच्या बरोबरच्या काही तरुण सुधारकांनी सरकारकडे अर्ज केला, की या पैशांतून मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना उत्तेजन द्यावे. जुन्या मंडळींनी कडाडून विरोध केला. तरीही पुढे 'दक्षिणा प्राइज कमिटी' स्थापन झाली आणि मराठी ग्रंथांना बक्षिसे मिळू लागली. नंतर त्याच निधीतून 'दक्षिणा फेलो' नेमले जाऊ लागले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. रा. गो. भांडारकर हे दोघेही तरुणपणी दक्षिणा फेलो होते.

या तीन टप्प्यांकडे नीट पाहिले तर आपला विषय अर्धा समजतो. दक्षिणा मिळे ती जात आणि पाठ केलेली विद्या पाहून. बक्षीस मिळे ते लिहून पुरे झालेल्या ग्रंथाला. संशोधन-अनुदान मात्र अजून न झालेल्या कामासाठी असते. देणाऱ्यासमोर पुस्तक नसते, निष्कर्ष नसतो. असतो तो फक्त एक प्रश्न, आणि तो सोडवण्याची तुम्ही कागदावर मांडलेली योजना. म्हणूनच अर्जाला एवढे महत्त्व.

नाकारलेला एक अर्ज

१८५५ साली जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' नावाचे नाटक लिहून याच दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवले. एक जोशी अडाणी कुणबी नवराबायकोला भविष्याची भीती घालून कसे लुबाडतो, आणि शेवटी ती दोघे शिकायला कशी निघतात, असा त्याचा विषय. कमिटीने ते स्वीकारले नाही. कमिटीतल्या भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, अशी नोंद फुल्यांनी स्वतः पुढे 'गुलामगिरी'त (१८७३) केली आहे. हे नाटक त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. ते छापील रूपात वाचकांसमोर यायला १९७९ साल उजाडले.

ही हकीगत केवळ संताप व्यक्त करण्यासाठी सांगत नाही. अनुदान किंवा बक्षीस देणाऱ्या समितीत कोण बसले आहे, यावर कोणता प्रश्न 'विद्वत्तेचा' ठरतो आणि कोणता ठरत नाही, हे अवलंबून असते. ज्यांनी एखादी गोष्ट कधी सोसली नाही, त्यांना ती विचारण्याजोगीही वाटत नाही. त्यामुळे आपल्यासारख्या घरांतून आलेल्या मुलामुलींनी अर्ज करायला शिकणे, आणि पुढे कधीतरी अर्ज तपासणाऱ्यांच्या खुर्चीतही बसणे, या दोन्ही गोष्टी सारख्याच निकडीच्या आहेत.

दुसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानने त्यांना अमेरिकेत शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. त्याबरोबर करार होता: परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची. मुदत संपली तेव्हा लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून १९१७ साली त्यांना परतावे लागले. बडोद्याला नोकरी मिळाली, पण अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळेना. पुढे सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून साठवलेला पैसा, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्राकडून घेतलेले कर्ज अशी जुळवाजुळव करून १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध १९२३ साली ग्रंथरूपाने आला, तो या दुसऱ्या फेरीतला. शिष्यवृत्तीला मुदत असते, अटी असतात, आणि ती संपल्यावरही प्रश्न शिल्लक असतो, हे यावरून दिसते.

आज पैसा कोण देते?

स्वातंत्र्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोग आला. समाजशास्त्रांसाठी स्वतंत्र व्यवस्था हवी असे पुढे वाटू लागले आणि १९६९ साली भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष प्रा. धनंजयराव गाडगीळ आणि पहिले सदस्य-सचिव जे. पी. नाईक. गाडगीळ हे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे. पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी त्यांनीच केली. तिचा पहिला भाग १९४५ साली प्रसिद्ध झाला. मुंबई विद्यापीठाच्या कलिना परिसरातले परिषदेचे पश्चिम विभागीय केंद्र जे. पी. नाईकांचेच नाव लावलेल्या इमारतीत आहे. इतिहासासाठी १९७२ साली वेगळी परिषद निघाली, तत्त्वज्ञानासाठीही आहे.

या परिषदांचे प्रकल्प-अनुदान प्रामुख्याने अध्यापक व संशोधक यांच्यासाठी असते. विद्यार्थ्याला जवळची असते ती अधिछात्रवृत्ती, म्हणजे फेलोशिप. पदव्युत्तर शिक्षणानंतर 'नेट' परीक्षेत वरच्या यादीत आल्यास कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळते. जानेवारी २०२३ पासून ती दरमहा ३७,००० रुपये आहे आणि दोन वर्षांनी काम समाधानकारक असल्यास ४२,००० होते. त्याखेरीज महाराष्ट्रात अनुसूचित जातींसाठी पुण्यातील 'बार्टी', मराठा व कुणबी समाजांसाठी पुण्यातीलच 'सारथी', आणि इतर मागास व भटक्या-विमुक्त समाजांसाठी नागपूरची 'महाज्योती' या संस्था पीएच. डी. करणाऱ्यांना अधिछात्रवृत्ती देतात. जागा, अटी आणि मुदती दर वर्षीच्या जाहिरातीत पाहाव्यात. ऐकीव माहितीवर विसंबू नये.

आमच्या वस्तीत मी ३७,००० हा आकडा सांगितला, तेव्हा शेजारच्या काकांचा विश्वास बसला नाही. "अभ्यासाचे पैसे? आणि नोकरी नाही?" ते पुन्हा पुन्हा विचारत होते. त्यांचे आश्चर्य मला समजते. पण विचार केला तर ही नोकरीच आहे. काम एवढेच, की एका प्रश्नाचा शेवटपर्यंत पाठपुरावा करायचा.

विषय आणि प्रश्न

अर्जाचा गाभा कोणता, असे मी आमच्या सरांना विचारले. सर म्हणाले, "विषय सगळ्यांकडे असतो. तुझा प्रश्न काय, ते सांग." या दोहोंतला फरक मी माझ्याच मनातल्या कामाचे उदाहरण घेऊन सांगते.

माझी आजी १९७२ च्या दुष्काळात करमाळ्याकडून पुण्यात आली. गावाकडे खडी फोडण्याचे काम संपले आणि ती, आजोबा आणि दोन पोरे येरवड्यात एका नात्यातल्या माणसाकडे उतरली. "तवा कसली खोली गं? चार पत्रं अन् गोणपाट," असे ती सांगते. तिच्या वयाच्या, तशाच आलेल्या पुष्कळ बाया आमच्या आसपास आहेत. आता त्या सत्तरीच्या पुढे गेल्या आहेत. मागच्या पावसाळ्यात त्यांतल्या दोघी गेल्या.

'येरवड्यातील झोपडपट्ट्या' हा झाला विषय. त्यावर काहीही लिहिता येईल आणि म्हणूनच काही लिहिता येणार नाही. 'दुष्काळात येरवड्यात आलेल्या स्त्रियांनी शहरात पहिली जागा, पहिले काम आणि पहिले रेशनकार्ड कुणाच्या ओळखीने मिळवले?' हा झाला प्रश्न. त्याला उत्तर असू शकते. ते माझ्या समजुतीच्या उलटही निघू शकते: मला वाटते नात्यागोत्याने, पण कदाचित मुकादमाने किंवा शेजारच्या परक्या बाईने मदत केली असेल. ज्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे, त्यासाठी कुणी पैसे का द्यावेत?

अर्जाची अंगे

अर्जाचे नमुने संस्थेगणिक वेगळे असले तरी आतली अंगे बहुधा सारखी असतात. ती अशी:

पहिले, प्रश्नाचे निवेदन. हे एका परिच्छेदात, आपल्या विषयाबाहेरच्या माणसालाही कळेल असे हवे. तपासणारा तुमच्याच विषयाचा असेल असे नाही.

दुसरे, पूर्वीच्या अभ्यासाचा आढावा. यात पुस्तकांची यादी देऊन भागत नाही. आधीच्यांनी काय दाखवले आणि कुठे थांबले, हे सांगायचे असते. माझ्या प्रश्नासाठी गाडगिळांची पुण्याची पाहणी, १९७२ च्या दुष्काळावरचे लेखन आणि महाराष्ट्राचा १९७१ चा झोपडपट्टीविषयक कायदा इतके तरी वाचावे लागेल.

तिसरे, पद्धती. कुणाला भेटणार, किती जणींना, त्या कशा निवडणार, काय विचारणार? समजा, तीस स्त्रिया आणि प्रत्येकीशी तासाभराच्या दोन बैठका. म्हणजे साठ तासांचे बोलणे. ध्वनिमुद्रित केलेले एक तासाचे बोलणे कागदावर उतरवायला पाच तास धरले, तर तीनशे तास झाले. रोज चार तास बसले तरी पंचाहत्तर दिवस. हा हिशेब कागदावर मांडला की 'तीन महिन्यांत अभ्यास पूर्ण करीन' असे वाक्य हातून लिहिले जात नाही.

चौथे, नीती. बाईला आपण काय विचारतो आहोत आणि त्याचे काय करणार, हे तिला तिच्या भाषेत सांगून तिची संमती घ्यायची. नावे बदलायची. नको म्हणाली तर थांबायचे. घराच्या कागदपत्रांविषयी बोलताना माणसे घाबरतात. ती भीती खोटी नसते.

पाचवे, वेळापत्रक, आणि सहावे, अंदाजपत्रक. प्रवास, साहाय्यकाचे मानधन, टंकलेखन, पुस्तके, छायाप्रती ही नेहमीची कलमे. आमच्या वस्तीतल्या बायांपैकी काही अजूनही धुण्याभांड्याला जातात. दोन तास माझ्याशी बोलत बसल्या तर त्यांचे एक काम बुडेल. त्या वेळेचा मोबदला अंदाजपत्रकात असावा की नसावा, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पैसे दिले तर बाई आपल्याला हवे तेच बोलेल, असे काही म्हणतात. मला वाटते, साहाय्यकाच्या वेळेला किंमत आहे तर आजीच्या वेळेलाही असावी. मात्र ते अर्जात कारणासह, उघडपणे लिहावे.

सातवे, या कामातून काय हाती लागेल. प्रबंध, लेख, मुलाखतींचा संग्रह. यात ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांना काय परत मिळणार, हेही मी लिहीन. वस्तीच्या समाजमंदिरात ते वाचून दाखवता येईल.

पैसा हातात येतो तेव्हा

प्रकल्पाचे अनुदान सहसा व्यक्तीच्या खिशात न येता तिच्या संस्थेच्या खात्यात, तेही हप्त्यांनी येते. पहिल्या हप्त्याचा हिशेब आणि उपयोगिता प्रमाणपत्र दिल्याशिवाय पुढचा सुटत नाही. प्रवासाचा पैसा पुस्तकांवर खर्च करायचा असेल तर परवानगी लागते. पावती नाही तर खर्च नाही. आणि हप्ता वेळेवर येईलच असेही नाही. घरची स्थिती बरी असलेला संशोधक चार महिने थांबू शकतो. ज्याच्या अधिछात्रवृत्तीवर घराचे भाडे चालते, तो थांबू शकत नाही. हुशार मुले संशोधन अर्ध्यावर टाकतात त्यामागे बुद्धी कमी पडली असे नेहमी नसते. अनुदान मंजूर करण्याइतकेच ते वेळेवर पोचवणेही न्यायाचा भाग आहे, असे मला वाटते.

भाषेचीही अडचण आहे. माझा प्रश्न मराठीत जन्मला. उत्तरे करमाळ्याच्या बोलीत मिळणार. अर्ज मात्र बहुधा इंग्रजीत करावा लागतो. 'गोणपाट' या शब्दाला इंग्रजी प्रतिशब्द सापडेल, पण आजी तो उच्चारताना जे सांगते ते त्यात येईल का? आमच्या मॅडमचा सल्ला असा, की संपूर्ण आराखडा आधी मराठीत पक्का करावा आणि मगच इंग्रजीत लिहावा. विचार कच्चा असेल तर परकी भाषा तो झाकते, आणि मग तपासणाऱ्याच्या तो लगेच लक्षात येतो. मला हा सल्ला फार मोलाचा वाटला.

आपण आज काय करावे?

बी. ए. च्या विद्यार्थ्याला मोठे अनुदान मिळत नाही, हे खरे. पण तयारीला कुणाची मंजुरी लागत नाही. विद्यापीठांची 'आविष्कार' संशोधन स्पर्धा आहे. तीत पदवीचे विद्यार्थी भाग घेऊ शकतात आणि सामाजिक शास्त्रांना तीत जागा आहे. आपल्या ग्रंथालयात जुने अहवाल आहेत. एक वही करावी, तीत आपल्या गल्लीविषयी, गावाविषयी, घरच्या धंद्याविषयी पडलेले प्रश्न लिहावेत आणि दर महिन्याला त्यांतला एक प्रश्न घासूनपुसून लहान करावा. प्राध्यापकांना माझी एक नम्र विनंती आहे. मंजूर झालेले आणि नामंजूर झालेले अर्ज दोन्ही आम्हांला वाचायला द्यावेत. परीक्षेच्या जुन्या प्रश्नपत्रिका मिळतात, तसे हेही मिळावे. पाहिल्याशिवाय शिकता येत नाही.

मला अधिछात्रवृत्तीचा अर्ज करता येईल तो एम. ए. झाल्यावर, म्हणजे अजून तीनेक वर्षांनी. तोवर आमच्या वस्तीतल्या त्या बायांपैकी किती जणी असतील, सांगता येत नाही. म्हणून मी परीक्षेनंतरच्या सुट्टीत, कुणाच्याही अनुदानाशिवाय, पाच जणींपासून सुरुवात करणार आहे. मोबाइलवर ध्वनिमुद्रण होते, वही वीस रुपयांची आहे आणि सगळ्या जणी चालत जाण्याच्या अंतरावर राहतात. आपल्यापैकी कुणाच्या घरी १९७२ साली गाव सोडून आलेली आजी असेल आणि तिला बोलायला आवडत असेल, तर मला वर्गात जरूर भेटावे.